एक डोंगर सोडून

माझा मामा लिफ्टचा मेकॅनिक आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं आधी देवाला हाका मारतात आणि मग मामाला. आणि दोघांपैकी मामा लवकर येतो, असा सगळ्यांचा अनुभव आहे. अशा माणसाने मागच्या वर्षी, परदेशात सायकल चालवून आल्यावर, नदीकाठच्या टॉवरमध्ये जिन्याने ये-जा सुरू केली. बाकीच्या इमारतींत लिफ्टने, फक्त टॉवरमध्ये जिन्याने. हातात हत्यारांची पेटी, कपाळावर घाम, आणि भिंतीपलीकडून त्यानेच सांभाळलेली लिफ्ट लोण्यातून सुरी फिरावी तशी वर-खाली.

त्या लिफ्टमध्ये आरशाच्या वर मामाचं पोस्टर लावलेलं होतं. ते मीच केलेलं. मी मामाकडेच राहतो आणि माझं पाट्या-पोस्टरचं दुकान आहे, त्यामुळे घरातल्या कोणाच्याही कर्तृत्वाची जाहिरात माझ्याच गळ्यात पडते. पोस्टरवर मामाचा सायकलसकट फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'समुद्रापासून सरहद्दीपर्यंत, एकटा, सायकलवर. एक इंचही न सोडता!' यातले शेवटचे चार शब्द मी जागा भरायला घातले होते. खाली पांढरी जागा उरली की पाटीवाल्याच्या पोटात खड्डा पडतो. मामा जिना चढत होता तो त्या चार शब्दांपायी, हे मला फार उशिरा कळलं.

मामा या धंद्यात आला तोच अडकून. तरुणपणी तो एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीला निघाला होता. कचेरी पाचव्या मजल्यावर, लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये बंद पडली, आणि मुलाखतीची वेळ आतच संपली. बाहेर काढणाऱ्या मेकॅनिकने त्याच्या हातात टॉर्च देऊन म्हटलं, ‘‘आलाच आहेस तर जरा धर.’’ मामाने धरला, तो आजतागायत सोडला नाही. कारकून झाला असता तर खुर्चीला चिकटला असता. इकडे निदान दोराला लटकला, असं मामी म्हणते.

मामी शाळेत शिवण शिकवते. तिच्या बोलण्यालाही सुई असते, पण दोरा ओवलेली. टोचते आणि जोडतेही.

मामाची कामाची एक पद्धत आहे आणि त्या पद्धतीने अर्धं शहर वैतागलेलं आहे. दुरुस्ती कसलीही असो, अगदी आतला दिवा बदलला असला तरी, काम झाल्यावर तो लिफ्टमध्ये उभा राहतो आणि तिला एकेका मजल्यावर थांबवत शेवटपर्यंत नेतो. दार उघडायचं, डोकं बाहेर काढून मजला बघायचा, दार बंद, पुढचा मजला. तसंच परत खाली. लोक पिशव्या घेऊन ताटकळतात, घड्याळं दाखवतात, कोणीतरी ओरडतं, ‘‘अहो मामा, दिवा तर लागला ना?’’ मामा आतून म्हणतो, ‘‘लागला. पण सगळे मजले बघून झाले नाहीत.’’

‘‘मधला एखादा सोडला तर काय बिघडतं?’’ असं मी एकदा विचारलं होतं.

‘‘जो सोडशील तोच दगा देतो. आणि नाही दिला तरी आपल्याला माहीत असतं ना, सोडलाय म्हणून.’’

लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून फिरते तिला मामा विहीर म्हणतो. त्या विहिरीत काय काय असतं याची त्याला खडान्‌खडा माहिती. चौथ्या-पाचव्याच्या मध्ये ओल्या सिमेंटवर उमटलेला कुणा गवंड्याचा पंजा. एका इमारतीत कबुतराचं घरटं. तळाशी पडलेल्या किल्ल्या, बटणं, एक कवळी. मामा म्हणायचा, ‘‘भाचेबुवा, लिफ्टमधला माणूस कुठे जात नसतो. दार बंद होतं, दार उघडतं, आणि त्याला वाटतं आपण आठव्या मजल्यावर आलो. मधे काय होतं त्याचा त्याला पत्ता नाही. त्याला पॅसेंजर म्हणतात.’’ पॅसेंजर हा शब्द तो इतर लोक ‘लबाड’ म्हणतात तसा म्हणायचा.

तर पन्नाशी ओलांडल्यावर या माणसाच्या डोक्यात आलं की आपण आयुष्यभर उभेच हिंडलो, एकदा आडवं जाऊन बघावं.

‘‘आडवं व्हायचंय तर पलंग आहे,’’ मामी म्हणाली.

पण मामाचं ठरलं होतं. दाताच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघत असताना समोरच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता, आणि मामा बसला होता त्या खुर्चीतून नेमका डोळ्यांसमोर एक देश येत होता. लांबच लांब, अरुंद, एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला सरहद्द. मामा म्हणाला, अगदी विहिरीसारखा, फक्त आडवा पाडलेला. आमच्या गावच्या शाळेत नकाशा फाटेल म्हणून कपाटात ठेवलेला असायचा, त्यामुळे मी तो देश नावानेही ओळखत नव्हतो. मी आपला ‘‘वा!’’ म्हणालो.

साठलेली रजा निघाली. सामान हलवताना लिफ्टच्या भिंतींना ओरखडे पडू नयेत म्हणून आतून लावतात त्या जाड, टाके घातलेल्या कापडातून मामीने सायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या शिवल्या. तोंडाने विरोध आणि हाताने शिवण, असा तिचा तो सगळा महिना गेला. आणि मामा गेला, एकटा, ज्या देशाची भाषा येत नाही तिथे, गिअरच्या सायकलवरून. तो सरहद्दीच्या दगडापर्यंत पोचला, फोटो काढून घेतला, आणि सोललेल्या नाकाने परत आला.

मग आमच्या स्वयंपाकघरात तो देश रोज संध्याकाळी थोडा थोडा उलगडायला लागला. मामाने तिथे बोलायची सोपी युक्ती काढली होती. लिफ्टवाल्याला दोनच दिशा ठाऊक. रस्त्यात भेटेल त्याला तो पुढे बोट दाखवायचा, मग बोट वर, मग बोट खाली, आणि भुवया उंचवायचा. म्हणजे, पुढे चढ आहे की उतार?

‘‘आणि लोक काय सांगायचे?’’

मामाने तळहात पालथा करून टेबलावरून सरळ फिरवला. ‘‘सपाट! जो भेटेल तो हेच. शेतकरी, पोलीस, दुकानातली म्हातारी, सगळे. आणि पुढे गेलं की जीभ बाहेर काढणारा चढ. अख्ख्या देशात चढ आहे असं कबूल करणारा एक माणूस भेटला नाही.’’

‘‘खोटारडे मेले,’’ मामी म्हणाली.

‘‘खोटारडे नव्हे गं. तिथेच जन्म गेला ना त्यांचा. त्यांच्या पायांना तो सपाटच.’’

एका गावात शाळेच्या व्हरांड्यात झोपला, तर सकाळी पोरांनी वर्गात न जाता त्याच्या सायकलची घंटा ओळीने एकेकदा वाजवली. मास्तरांनीसुद्धा, शेवटी, इकडेतिकडे बघून. एका गावातलं कुत्रं दुसऱ्या गावाच्या वेशीपर्यंत भुंकत मागे यायचं आणि मामाला तिथल्या कुत्र्याच्या स्वाधीन करून परत जायचं. उलटा वारा म्हणजे न दिसणारा चढ. एका सुताराने त्याचं हललेलं सीट घट्ट करून दिलं आणि मामाने त्याच्या दुकानाचं करकरणारं दार. दोघं एक शब्द न बोलता जेवले. असं तो सांगत राहायचा. एका स्क्रूबद्दल अर्धा तास बोलणारा माणूस, त्याला परदेश मिळाल्यावर काय होणार! मामीला ती गावं ओळीने पाठ झाली होती. मामा चुकला तर ती सांगायची, ‘‘गिरणीचं गाव आधी, मग कुत्र्यांचं.’’

मला मात्र ऐकता ऐकता एक गंमत लक्षात आली होती. गिरणीच्या गावाची गोष्ट भरपूर लांब. मग कुत्र्यांचं गाव, मग पावसाची दरी, तिथे त्याचे बूट तीन दिवस ओले. आणि मग मामा म्हणायचा, ‘‘मग डोंगर आला, डोंगर झाला, आणि तळं लागलं.’’ बस्स. कुत्र्यांना पाव तास आणि अख्ख्या डोंगराला एक ओळ. मी मनात म्हटलं, दुरून डोंगर साजरे म्हणतात, हा जवळून फारच साधा निघालेला दिसतो.

त्याच सुमारास टॉवरचे सेक्रेटरी दुकानात आले. टॉवर म्हणजे बारा मजल्यांची इमारत आणि सेक्रेटरी म्हणजे तिचा तेरावा मजला. आपल्या लिफ्टच्या माणसाने अख्खा देश सायकलवर ओलांडला म्हटल्यावर त्यांची छाती अशी फुगली होती की जणू पॅडल त्यांनीच मारलं होतं. लिफ्टमध्ये पोस्टर लावायचं आणि पुढे एका रविवारी गच्चीवरच्या हॉलमध्ये मामाचं कौतुक करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी पोस्टर केलं. मामाला दाखवलं तेव्हा तो शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘इंचही?’’

‘‘जोर येतो त्याने,’’ मी म्हणालो.

‘‘येतो खरा,’’ तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून टॉवरमध्ये जिना सुरू झाला.

बातमी घरी आणली ती टॉवरच्या वॉचमनने, रस्त्यात मामीला गाठून. ‘‘वहिनी, मामांना लिफ्टची भीती बसली वाटतं. परदेशात काही झालं का?’’ इकडे मामा रात्री गुडघे चोळत बसायचा, मामी तेल कोमट करून द्यायची, आणि का दुखतात विचारलं की ‘‘वय’’ म्हणायचा. मामीने मला एका बाजूला घेतलं.

‘‘तू जा आणि काढून आण काय आहे ते. मला ताकास तूर लागू देत नाहीत. माझ्यापासून लपवायची सवय नाही रे त्यांना, म्हणून तर जमत नाहीये, तोंडावर दिसतंय.’’

पोस्टरचा एक कोपरा सुटल्याचं निमित्त करून मी टॉवरला गेलो. मामा पेटी घेऊन जिन्याच्या तोंडाशीच सापडला.

‘‘चल, लिफ्टने जाऊ,’’ मी म्हटलं.

‘‘तू जा. मी येतो.’’

मी काय जातोय! मीही निघालो जिन्याने. आमच्या गावच्या शाळेला एकच माडी होती, त्यामुळे माझं जिना चढण्याचं शिक्षण पहिल्या मजल्यावर संपतं. पाचव्यावर मी कठडा धरला, सातव्यावर मामाचा खांदा. मामा मात्र एका लयीत चढत होता, श्वास मोजल्यासारखा, कुठे न थांबता. घाबरलेला माणूस असा चढत नाही. हा तर शर्यतीच्या बैलासारखा तयारीला लागलेला होता.

बाराव्याच्या वर, गच्चीला लागून, मशीनची खोली. मधोमध मोठं चाक, त्यावरून विहिरीत उतरणारे दोर, तेलाचा वास. मामा पेटीवर बसला. चाक गरगरलं, थांबलं. खाली कोणीतरी कुठेतरी पोचलं.

‘‘मामा, काय झालं त्या डोंगरावर?’’ मी सरळच विचारलं.

तो दचकला नाही. चाकाकडे बघत म्हणाला, ‘‘डोंगरावर मी गेलोच कुठे?’’

मग त्याने सांगितलं. पावसाच्या दरीच्या शेवटी रस्ता एका बोगद्यात शिरतो. आत सायकलला बंदी. तोंडाशी बोगद्याची देखभाल करणाऱ्यांची एक गाडी उभी असते, मागून बंद, पत्र्याची. जो सायकलवाला येईल त्याला सायकलसकट आत घालतात, दार लावतात आणि पलीकडे नेऊन सोडतात. नियमच आहे. सगळे तसेच जातात. मामाही बसला. आत काळोख. पुढे ड्रायव्हर काहीतरी गाणं म्हणत होता, त्याचं गाणं संपलं आणि दार उघडलं.

‘‘आणि बाहेर, भाचेबुवा, दुसराच देश! अरे, अलीकडे पाऊस, पलीकडे कोरडं ऊन. अलीकडे उतरत्या छपरांची लाकडी घरं, पलीकडे सपाट धाब्याची, मातीच्या रंगाची. झाडं वेगळी. मेंढ्या वेगळ्या. माणसं ज्या सुरात बोलत होती तो सूर वेगळा. हे सगळं कुठे बदललं? कुठल्या वळणावर पहिलं सपाट छप्पर आलं? पाऊस कुठे मागे फिरला? मला काही माहीत नाही. दार बंद झालं, दार उघडलं.’’ चाक पुन्हा गरगरलं. ‘‘मी पॅसेंजर झालो रे.’’

मला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा बघून गिळलं. ‘‘पण नियमच आहे ना? यात तुझी काय चूक?’’

‘‘चूक कोण म्हणतंय? चूक असती तर एव्हाना विसरलोही असतो. मागे वळून बघितलं तर डोंगराच्या अंगावर खडूने ओढावी तशी एक बारीक रेघ. मी ड्रायव्हरला बोटाने विचारलं. त्याने हातवारे करून सांगितलं, जुना रस्ता. वरून. आता कोणी जात नाही. तेवढ्यात त्या रेघेवरून एक ठिपका सरकताना दिसला. माणूस होता की गाढव, कुणास ठाऊक. परतीचं विमान गाठायचं होतं, मी पुढे गेलो. पण तेव्हापासून तो ठिपका डोक्यात फिरतोय. त्याला माहीत असणार ना, कुठे बदलतं ते!’’

‘‘म्हणून जिना?’’

‘‘तुझ्या त्या इंचाखाली मला उभं राहवत नाही, म्हणून आधी जिना धरला. मग चौथ्या-पाचव्या दिवशी वाटलं, अरे, पाय तयार होतायत.’’ त्याने गुडघ्यावर थाप मारली आणि कळवळला. ‘‘परत जायचंय मला. तेवढा डोंगर चढून उतरायला. तेवढाच.’’

‘‘मग मामीला सांग की!’’

‘‘सांगू काय? अख्खा देश बघून आलो, रजा संपवली, आणि आता बोगद्याच्या डोक्यावरून जायला परत निघालो? ती मला याच पेटीत घालून कुलूप लावील.’’

मी म्हटलं, निदान पोस्टरवरून ते चार शब्द खरवडून टाकतो. जागा मोकळी राहील, राहू दे, मी सोसेन.

‘‘खरवडू नकोस,’’ मामा म्हणाला. ‘‘खरं काय ते लिही.’’

मी दुकानात जाऊन त्या चार शब्दांवर बसेल एवढी पट्टी तयार केली आणि रविवारच्या सकाळी लावून टाकली. आता पोस्टर म्हणत होतं: 'समुद्रापासून सरहद्दीपर्यंत, एकटा, सायकलवर. एक डोंगर सोडून.'

उद्गारचिन्ह गेलं, पूर्णविराम आला. आणि गंमत बघा, आधीचं पोस्टर लोकांनी एकदा वाचून सोडून दिलं होतं. हे मात्र दुपारपर्यंत सगळ्या टॉवरला पाठ झालं. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, कुठला डोंगर? वॉचमन लिफ्टच्या दाराशी उभा राहून येणाऱ्याला विचारत होता, ‘‘तुम्हाला कळलं का हो कुठला?’’ सेक्रेटरी माझ्यावर धावून आले. ‘‘छपाईची चूक आहे का ही?’’

‘‘आधीची होती,’’ मी म्हणालो. ‘‘ही दुरुस्ती.’’

आमच्या दोघांच्या लक्षात एकच गोष्ट आली नव्हती. कार्यक्रम होता गच्चीवर, आणि मामी काही मामासारखी जिना चढणार नव्हती.

संध्याकाळी ती ठेवणीतली साडी नेसून लिफ्टमध्ये शिरली. मी शेजारी. दार बंद झालं. मामीने आरशात केस नीट केले, वर बघितलं, वाचलं. पुन्हा वाचलं. तिच्या ओठांवर ती गावं ओळीने सरकताना मला दिसली: गिरणीचं, कुत्र्यांचं, पावसाची दरी... आणि तिथे ओठ थांबले. मी बटणांकडे बघायला लागलो. बारा मजले इतके लांब असतात हे मला त्या दिवशी, लिफ्टमध्ये, कळलं.

हॉल गच्च भरला होता. सेक्रेटरींनी भाषण केलं, त्यात सायकल थोडी आणि टॉवर फार होता. मग मामा उठला. माईकसमोर आल्यावर त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. हत्यार नसलं की त्याचं असंच होतं. ‘‘मी... म्हणजे तसं काही विशेष नाही...’’ एवढं म्हणून तो थांबला. आणि मागच्या रांगेतून आवाज आला.

‘‘कुठला डोंगर, हो?’’

मामी उभी होती. सगळ्या माना मागे, मग पुढे. दिवसभर जो प्रश्न प्रत्येकाच्या पोटात होता तो विचारला गेला होता, आणि विचारणारी त्याची बायको होती. मामाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

मग तो बोलला. लोकांशी नाहीच, सरळ मागच्या रांगेशी बोलला. बोगदा, पत्र्याची गाडी, गाणं, दार, पलीकडची सपाट छपरं, ती खडूची रेघ, तो ठिपका. जिना का, तेही. बोलता बोलता त्याचे हात मोकळे झाले आणि हवेत डोंगर उभा करायला लागले. हॉलमध्ये कोणी खुर्ची सरकवली नाही.

संपल्यावर सेक्रेटरी समजूत घालायला उठले, ‘‘अहो, पण तिथे सगळेच गाडीतून जातात, म्हणजे तसा आपला प्रवास पूर्णच...’’

‘‘तुम्ही बसा,’’ मामी म्हणाली. ते बसले. मग ती मामाला म्हणाली, ‘‘म्हणजे रोज रात्री मी वयाला तेल लावतेय समजत होते, आणि तुम्ही माझ्याच तेलावर डोंगराची तयारी करत होता?’’

हॉल हसला. मामाही हसणार होता, पण मामी हसत नव्हती.

घरी आल्यावर ती माझ्याशी बोलली आणि भिंतीशी बोलली, मामाशी नाही. डोंगराबद्दल तिचं काहीच म्हणणं नव्हतं. ‘‘सगळी गावं सांगितली मला. ओळीने. मी मेली शाळेत मुलींना शिकवताना मनातल्या मनात त्या रस्त्याने जायचे. आणि मधला एक मजला बंद ठेवून ह्यांनी मला पुढे नेलं. दार बंद, दार उघडं. मग मी कोण झाले?’’

‘‘पॅसेंजर,’’ मामा पुटपुटला. आपलंच वाक्य असं सणसणीत परत आलं की माणसाला चुकवायला जागा राहत नाही.

दोन दिवस घरात भांडीच काय ती बोलली. तिसऱ्या दिवशी मी दुकानातून आलो तर मामी खाली बसून त्या जाड कापडाच्या पिशव्यांचे उसवलेले बंद शिवत होती. मामा शेजारी, सुईत दोरा ओवायच्या खटपटीत.

‘‘जाऊ देतेस?’’ त्याने हळूच विचारलं.

‘‘मी कोण देणार? आणि मी थोडीच तुमच्यासाठी शिवतेय. मला कळायला हवं ते कुठे बदलतं.’’ दातांनी दोरा तोडून ती म्हणाली, ‘‘आल्यावर पहिल्यापासून सांगायचं. एक वळण जरी गाळलंत तर याद राखा.’’

रजेचं घोडं बरेच दिवस पेंड खात होतं. शेवटी साहेबांच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली, मामाने ती सुरू केली, सगळ्या मजल्यांवर थांबवली, आणि त्या थांब्यांच्या दरम्यान साहेबांना पूर्ण डोंगर ऐकावा लागला. दोन्ही बाजू दमल्यावर रजा मंजूर झाली.

या वेळी मामा समुद्राकडे गेला नाही, सरहद्दीकडे गेला नाही. पावसाच्या दरीत बसने उतरला, सायकल जोडली, बोगद्याच्या तोंडाशी उभ्या गाडीला हात केला आणि बाजूच्या गवताळ वाटेने वर निघाला.

परत आला तेव्हा नाक पुन्हा सोललेलं, एका हाताला पट्टी, आणि चेहरा असा की जणू लिफ्ट सगळ्या मजल्यांवर बरोबर थांबलीय. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. मामीने चहा ठेवला आणि गॅस बारीक केला, म्हणजे गोष्ट उकळीपेक्षा लांब चालणार.

‘‘कुठे बदलतं?’’ तिने विचारलं.

‘‘एका जागी नाहीच बदलत गं,’’ मामा म्हणाला. ‘‘तेच तर! मला वाटलं होतं माथ्यावर रेघ असेल, इकडचं इकडे, तिकडचं तिकडे. तसं नाही. अर्ध्या चढातच एक सपाट छप्पर दिसलं, एकटंच, लाकडी घरांच्या घोळक्यात, चुकून आल्यासारखं. पुढे परत लाकडी. मेंढ्या माथ्याच्या बऱ्याच खाली मिसळायला लागतात. इकडची झाडं माथा ओलांडून पार पलीकडे उतरलीत, बुटकी होत होत, पण गेलीत. आणि पाऊस तर माझ्याबरोबर तिकडच्या दुसऱ्या वळणापर्यंत आला आणि मग, अगं, निरोप द्यायला आलेल्या पाहुण्यासारखा रेंगाळला.’’

‘‘आणि तो ठिपका?’’ मी विचारलं.

‘‘कोणी भेटलं नाही. माथ्यावर एक पडकं घर आहे, दाराशी ताजं शेण होतं. गाढव असावं.’’

‘‘हात?’’ मामीने पट्टीकडे हनुवटी केली.

मामा जरा चुळबुळला. पलीकडच्या उतारावर दरड कोसळून रस्ता वाहून गेला होता. परत फिरायचं किंवा दगडांवरून जायचं. मामाने पिशव्या सोडल्या, त्या आधी पलीकडे टाकून आला, मग सायकल खांद्यावर घेतली. एकदा घसरला, म्हणून हात. पण सायकलला ओरखडा नाही.

‘‘म्हणजे तेवढा तुकडा सायकलवर नाही झाला,’’ तो माझ्याकडे बघून म्हणाला. पाटीवाल्याकडे बघतात तसं.

‘‘झाला की,’’ मी म्हणालो. ‘‘फक्त वर-खाली बदललं.’’

टॉवरच्या लिफ्टमध्ये आता तेच पोस्टर आहे, पट्टी नवी: 'समुद्रापासून सरहद्दीपर्यंत, एकटा, सायकलवर. थोडं अंतर सायकल मामांवर.' मामा त्याच्याखाली उभा राहून एकेका मजल्यावर दार उघडतो, डोकं बाहेर काढतो. लोक अजून ताटकळतात, पण आता कोणी घड्याळ दाखवत नाही. दार उघडलं की विचारतात, ‘‘मामा, कितव्या वळणापर्यंत आलो होतो आपण?’’

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मामाने पूर्ण डोंगर सांगितला, एकही वळण न गाळता, आणि चहा दोनदा आटला. शेवटी तो म्हणाला, खाली उतरल्यावर बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी तीच पत्र्याची गाडी उभी होती. ड्रायव्हर तोच. त्याने मामाला वरून येताना पाहिलं आणि गाणं थांबवून तो खाली उतरला. डोंगराकडे बोट दाखवलं, मग बोट वर, मग बोट खाली, आणि भुवया उंचावल्या.

‘‘मग तुम्ही काय सांगितलंत?’’ मामी म्हणाली.

मामाने तळहात पालथा केला आणि टेबलावरून सरळ फिरवला.

‘‘सपाट.’’

मामीने त्याच्याकडे बघितलं, टेबलाखाली घट्ट धरून ठेवलेल्या त्याच्या गुडघ्याकडे बघितलं, आणि तेल कोमट करायला उठली.